मातीच्या मावळ्याची सावली

दिवाळीची सुट्टी लागली की महाराष्ट्रातील घराघरांच्या अंगणांत किल्ले उभे राहू लागतात. दगड, विटा, जुनी पोती आणि चिखल एवढ्याच साहित्यावर मुले बुरूज बांधतात, दरवाजे उभारतात, पायऱ्या कोरतात आणि उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवितात. किल्ला कोणता करावयाचा, यावर मात्र पुष्कळ वाद होतो. कोणी रायगड म्हणतो, कोणी प्रतापगड. नाशिक जिल्ह्यातील पेठच्या मुलांना यासाठी फार दूर पाहावे लागत नाही. पेठहून नाशिकला जाताना सावळघाट मागे टाकून पुढे गेले, की नाशिक जवळ आल्यावर एक डोंगरी किल्ला नजरेस पडतो. तोच रामशेज होय.

इ. स. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या सेनेने रामशेजला वेढा घातला. शहाबुद्दीन खान या नामांकित सरदाराकडे ही कामगिरी सोपविलेली होती. किल्ला लहान, आतील शिबंदी थोडी. तेव्हा तो लवकरच हाती येईल, असा मोगलांचा कयास होता. परंतु एका सरदाराच्या जागी दुसरा आला, तरी किल्ला हाती येईना. सुमारे पाच वर्षे तो झुंजत राहिला. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या. तेव्हा मराठ्यांनी लाकडाच्या तोफा घडविल्या, त्यांवर चामडे मढविले आणि त्यांचाच मारा केला, अशी नोंद मोगलांचा इतिहासकार खाफीखान याने करून ठेवली आहे. जवळ जे नाही त्याची खंत न करता, जे आहे त्याचा नीट उपयोग करणे, ही या वेढ्याची मोठी शिकवण आहे.

समजा, पेठच्या काही मुलांनी दिवाळीसाठी हाच वेढा उभा करावयाचे ठरविले. काळ्या मातीचा डोंगर झाला, तटबंदी झाली, बारीक काटक्यांच्या तोफाही झाल्या. आता किल्ल्यावर माणसे हवीत. मुलांनी माती मळून बोटाएवढे मावळे केले, ते सावलीत वाळविले आणि रंगविण्यास घेतले. पागोट्याला लाल, अंगरख्याला पांढरा, चेहऱ्याला तपकिरी, ढालीला काळा, असे ठसठशीत रंग दिले. रंग कोठे बाहेर गेला नाही, कोठे माती उघडी राहिली नाही. तरीही मावळे तटावर उभे करून थोडे दूर जाऊन पाहावे, तर ते माणसांसारखे दिसत नाहीत. रंगीत खुंट्या रोवल्यासारखे दिसतात. नाक दिसत नाही, दाढी दिसत नाही, अंगरख्याच्या चुण्याही दिसत नाहीत. माती घडविताना तर हे सारे मन लावून केले होते. मग ते गेले कोठे?

ते गेले नाही. ते झाकले गेले. उन्हात उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडे पाहावे, म्हणजे याचे कारण उमगते. त्याच्या पागोट्याखाली कपाळावर सावलीची पट्टी पडलेली असते. नाकाच्या खाली, हनुवटीच्या खाली, काखेत आणि धोतराच्या प्रत्येक चुणीत कमीअधिक अंधार असतो. गालाचे हाड, खांदा आणि गुडघा यांवर मात्र उजेड पडलेला असतो. धोतर सगळीकडे पांढरेच असते. पण डोळ्याला त्यात दहा प्रकारचे पांढरे दिसतात, आणि त्या दहा छटांवरूनच घडी कोठे उचलली आहे व कोठे आत गेली आहे हे मनाला कळते. वस्तूचा आकार डोळ्याला सांगण्याचे काम रंगापेक्षा सावलीच अधिक करते.

मातीच्या मावळ्यावरही उजेड पडतोच. पण त्याच्या चुण्या नखाने ओढलेल्या रेघेएवढ्या उथळ असतात. त्यांवर रंगाचा दाट थर बसला, की त्या निम्म्या बुजून जातात. ज्या उरतात, त्यांची सावली केसासारखी बारीक पडते. माणसाच्या नजरेलाही एक मर्यादा आहे. एक मीटर अंतरावरून चांगल्या डोळ्यालाही सुमारे तीन दशांश मिलिमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन रेषा वेगळ्या दिसत नाहीत. त्या एकमेकींत मिसळून जातात. म्हणून लहान मूर्तीवर निसर्ग जी सावली पाडतो ती पुरत नाही. रंगविणाऱ्याने ती थोडी गडद करून द्यावी लागते.

ही सावली देण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे बारीक कुंचल्याने प्रत्येक चुणीत एकेक रेषा ओढणे. कसलेला हात हे करू शकतो. पण बोटाएवढ्या मूर्तीच्या बोटांमधील फटींत रेषा ओढणे मुलांना जड जाते. दुसरा मार्ग सोपा आणि मोठा गमतीचा आहे. त्यात सावली माणूस काढीत नाही. पाणीच ती काढते. रंगात पुष्कळ पाणी घालून त्याचा एक पातळ हात मूर्तीवर द्यावयाचा आणि ती स्वस्थ ठेवून द्यावयाची. चित्रकार यास ‘वॉश’ असे म्हणतात.

पाणी ही सावली कशी काढते, हे पेठच्या मुलांना डोंगराकडे पाहून समजू शकते. पावसाळ्यात या भागात धो धो पाऊस कोसळतो. माथ्यावरचे पाणी उतारावरून धावत खाली येते आणि आपल्याबरोबर माती घेऊन येते. माथे उघडे पडतात, आणि सखल जागी गाळ साचतो. त्या गाळावरच भाताची खाचरे होतात. रंगाच्या पातळ पाण्याचेही असेच होते. ते मावळ्याच्या नाकावरून, खांद्यावरून आणि ढालीच्या काठावरून ओघळते व खळग्यांत, चुण्यांत, पट्ट्याच्या खाली जाऊन साचते. पाणी वाळून जाते, रंगाचे कण मात्र तेथेच राहतात. जेथे पाणी अधिक साचले तेथे कण अधिक. म्हणून तेथे रंग गडद. जेथून पाणी ओघळून गेले तेथे कण थोडे. म्हणून तेथे मूळ रंग उजळ.

पाणी केवळ उतारामुळेच फटीत शिरते असे मात्र नाही. पणतीतील वातीकडे पाहावे. तेल खाली असते आणि ज्योत वर. तरी कापसाच्या तंतूंमधील बारीक जागांतून तेल वर चढत राहते. द्रवाला अरुंद जागेत ओढून घेणाऱ्या या क्रियेला केशाकर्षण म्हणतात. मावळ्याच्या दाढीतील रेघा, मुठीतील बोटे आणि तलवारीची मूठ यांच्या फटी अशाच अरुंद असतात. त्यांच्याजवळ ओला कुंचला नुसता टेकविला, तरी रंगाचे पाणी आपोआप आत धावते. फट आडवी असो, उभी असो वा थोडी वर चढणारी असो, पाणी तिच्यात शिरल्यावाचून राहत नाही.

आता हा पातळ रंग कसा करावा, ते पाहू. बशीत रंगाचा एक थेंब घ्यावा आणि त्यात साधारण आठ ते दहा थेंब पाणी घालून चांगले ढवळावे. रंग बेताचा झाला की नाही हे पाहण्यासाठी तो जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर एकदा फिरवावा. खालची अक्षरे स्पष्ट वाचता आली, पण कागदाचा रंग थोडा बदललेला दिसला, म्हणजे रंग योग्य झाला. अक्षरे झाकली गेली तर पाणी कमी पडले असे समजावे. रंग दाट असेल तर तो खळग्याकडे धावत नाही; जेथे ठेवावा तेथेच बसतो आणि मूर्ती नुसती मळकट दिसू लागते.

कधी कधी रंग पातळ असूनही नीट पसरत नाही. अळवाच्या पानावर जसे पाण्याचे मोती होतात, तसे त्याचे थेंब गुळगुळीत मूर्तीवर उभे राहतात. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागत असतो, आणि हा ताण पाण्याला गोळा करून ठेवतो. बशीतील रंगात साबणाच्या पाण्याचा एक लहानसा थेंब घातला, की ताण कमी होतो आणि रंग फटीफटींत उतरतो. परंतु साबण अधिक झाला तर फेस येतो आणि फेसाचे बुडबुडे फुटून मूर्तीवर डाग उठतात. म्हणून एका थेंबावरच थांबावे.

सावलीचा रंग कोणता असावा, याचाही विचार करावयास हवा. सावली काळी असते असे पुष्कळांना वाटते. पण तसे नाही. उन्हातील सावलीतही आकाशाचा आणि आजूबाजूच्या वस्तूंचा उजेड पोहोचत असतो. लाल पागोट्याची घडी काळी होत नाही. ती गडद तांबूस होते. पिवळ्या वस्त्राची घडी तपकिरीकडे झुकते. पांढऱ्या अंगरख्याच्या चुणीत फिकट निळसर करडी छटा दिसते. म्हणून प्रत्येक रंगावर त्याच रंगाच्या घराण्यातील गडद रंगाचा पातळ हात द्यावा. चेहरा, हात आणि पाय यांसाठी काव फार उपयोगी पडते. दिवाळीत अंगण सारवल्यावर ज्या तांबड्या मातीचा हात देतात, तीच ही काव किंवा गेरू. तिच्यातील लोहामुळे तिला तो रंग आलेला असतो. काव बारीक वाटून, वस्त्रगाळ करून, डिंकाच्या पातळ पाण्यात कालविली, म्हणजे मावळ्याच्या उन्हाने रापलेल्या कातडीची सावली तिच्यातून सुरेख उतरते.

जेथे पातळ रंगही पुरत नाही, तेथे शाईचे काम सुरू होते. शाई आणि रंग यांत मोठा भेद आहे. रंगातील कण तुलनेने भरड असतात, आणि ते खालचा थर झाकतात. शाईत एकतर अतिशय बारीक कण असतात किंवा रंग पाण्यात साखरेसारखा पूर्ण विरघळलेला असतो. त्यामुळे शाई पाण्याइतकी पातळ असूनही गडद असते, आणि पारदर्शक असल्यामुळे खालचा रंग तिच्यातून दिसतो. पूर्वी दिव्याची काजळी जमवून ती डिंकाच्या पाण्यात खलीत आणि त्या शाईत बोरू बुडवून पोथ्या व मोडी दफ्तरे लिहीत. काजळीचा कण म्हणजे कोळशाचाच कण. तो उन्हाने विटत नाही. म्हणूनच जुन्या पोथ्यांची अक्षरे शेकडो वर्षांनंतरही काळीभोर दिसतात. लेखणीत भरण्याची निळी शाई मात्र विरघळलेल्या रंगाची असते. ती पाण्याने पुन्हा पसरते आणि उजेडात विटते. म्हणून मूर्तीसाठी चित्रकलेची, वाळल्यावर पाण्याने न पुसली जाणारी शाई घ्यावी.

शाईचा हात सगळ्या मूर्तीवर कधीही देऊ नये. डोळ्याची कड, मिशीची रेघ, पट्टा आणि अंगरखा यांची सीमा, बोटांमधील फटी, ढालीवरील फुलांच्या भोवतालचे खळगे, एवढ्याच जागा तिच्यासाठी राखून ठेवाव्यात. शाईतही निम्मे पाणी घालावे. बारीक कुंचल्याचे टोक शाईत बुडवून, कडेला निथळून, फटीच्या एका टोकाला हळूच टेकवावे. वातीत तेल चढावे तशी शाई फटीतून पुढे सरकत जाते, आणि जी रेषा हाताने ओढता आली नसती ती डोळ्यांदेखत आपोआप उमटते.

या सर्व कामात मुलांची एक फसगत वारंवार होते. वाट न पाहता ओल्या रंगावरच पातळ हात दिला, तर दोन्ही रंग एकमेकांत कालवले जातात. वाळलेल्या रंगाचीही गंमत आहे. साध्या जलरंगांत आणि पोस्टरच्या रंगांत रंगाचे कण डिंकासारख्या पदार्थाने धरून ठेवलेले असतात, आणि डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो. अशा रंगावर ओला कुंचला घासला, तर खालचा थर सुटून वर येतो. ॲक्रिलिक रंगाचे तसे होत नाही. त्यातील पाणी उडून गेले, की त्यातील बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांचा पातळ पापुद्रा होतो, आणि तो पाण्याने सुटत नाही. साधेच रंग जवळ असतील, तर वाळलेल्या मूर्तीवर आधी व्हार्निशचा एक हात द्यावा, किंवा पातळ रंगाचा कुंचला एकदाच हलकेच फिरवावा, घासू नये. कोरी मातीही रंगापूर्वी झाकावी लागते. कारण ती सच्छिद्र असते आणि शाई पिऊन टाकते. खळग्यात जाण्याऐवजी शाई जेथे पडेल तेथेच मुरते व डाग होतो. मूर्तिकार रंग देण्यापूर्वी मूर्तीला पांढरा हात देतात, त्याने मातीची ही तहान पुष्कळ भागते आणि वरचे रंगही उजळ दिसतात.

दुसरी फसगत डागांच्या कडांची. पातळ रंग ढालीच्या सपाट भागावर साचून राहिला, तर वाळल्यावर तेथे मध्ये फिकट आणि कडेला गडद असे वर्तुळ उठते. चहाचा थेंब पाटावर सांडून वाळला म्हणजे असेच वर्तुळ दिसते. थेंबाची कड पातळ असते, तेथील पाणी लवकर उडते. त्या उडालेल्या पाण्याची जागा घेण्यासाठी मधले पाणी कडेकडे वाहते आणि रंगाचे कण तिकडे नेऊन टाकते. रोज दिसणाऱ्या या डागाचे हे कारण शिकागो येथील शास्त्रज्ञांनी १९९७ साली प्रयोगांनी उलगडून दाखविले. उपाय सोपा आहे. कुंचला स्वच्छ धुऊन, फडक्यावर टिपून, त्याचे ओलसर टोक साचलेल्या रंगाला लावावे. कोरडा कुंचला पाणी शोषून घेतो. परंतु हे रंग ओला असतानाच करावे. अर्धवट वाळलेल्या रंगाला कुंचला लावला, तर डाग जाण्याऐवजी तेथे खरवडल्यासारखे होते. एकदा हात दिल्यावर मूर्ती बाजूला ठेवावी आणि दुसरी घ्यावी. पहिलीकडे वळून पाहण्याचा मोह आवरणे हेच या कामातील सर्वांत अवघड कौशल्य आहे.

सावली झाली, म्हणजे उजेड द्यावयाचा. यासाठी मूळ रंगात थोडा पांढरा मिसळावा, कुंचल्यावर तो अगदी थोडा घ्यावा आणि फडक्यावर जवळजवळ पुसून टाकावा. असा कोरडा कुंचला मूर्तीवरून हलकेच फिरविला, की रंग केवळ उंचवट्यांना लागतो; खळग्यांपर्यंत तो पोहोचतच नाही. पातळ रंगाने खोल जागा शोधल्या, तशा कोरड्या कुंचल्याने उंच जागा शोधल्या. दोन्ही ठिकाणी जागा दाखविण्याचे काम मूर्तीच्या घडणीनेच केले. म्हणून माती घडविताना जी चुणी मनापासून काढलेली असते, ती आता फुकट जात नाही. आणि जी आळसाने काढलीच नाही, ती कोणत्याही रंगाने येत नाही.

रामशेजच्या देखाव्यात हीच रीत सर्वत्र लावता येते. चामड्याने मढविलेल्या लाकडी तोफेला आधी फिकट तपकिरी रंग द्यावा. तो वाळल्यावर गडद तपकिरी रंगाचा पातळ हात द्यावा. तो चामड्याच्या सुरकुत्यांत आणि शिवणीत उतरतो. तोफेवर बांधलेल्या दोराच्या पिळांत शाईचे टोक टेकवावे. शेवटी कडांवर कोरड्या कुंचल्याने फिकट पिवळसर रंग फिरवावा. काडीची तोफ मग जुनी, वापरलेली, वजनदार वाटू लागते. तटाचे दगड सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचे. त्यांना करडा रंग देऊन सांध्यांत काळसर पातळ रंग सोडला, की एकेक चिरा वेगळा दिसतो.

लहान आकृतींना जिवंत करण्याची ही धडपड जुनी आहे. मोगल आणि राजस्थानी लघुचित्रे काढणारे कलावंत अतिशय बारीक ठिपके व रेघा जवळजवळ देऊन गालावर व हनुवटीखाली छाया आणीत. या रीतीला ‘परदाज’ म्हणतात. सावंतवाडीचे कलावंत गंजिफाच्या तळहातात मावणाऱ्या गोल पानांवर दशावतारांच्या आकृती रंगवीत आले आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्यात अवनींद्रनाथ ठाकूर यांनी जपानी चित्रकारांच्या सहवासातून पातळ रंगाचे हात एकावर एक देण्याची रीत आपलीशी केली. त्यांच्या चित्रांतील धुक्यासारखी छाया त्यातूनच आली. कोणी ठिपक्यांनी, कोणी रेषांनी, कोणी पाण्याने, पण सर्वांनी शोधली ती छायाच.

मात्र पातळ रंगाची ही रीत सगळीकडे चालत नाही. पेठ, सुरगाणा, जव्हार, मोखाडा या भागांत बोहाड्याचा उत्सव होतो. रात्री संबळाच्या ठेक्यावर देवदानवांची सोंगे नाचत येतात. त्यांचे मुखवटे लाल, पिवळ्या, निळ्या अशा भडक रंगांनी रंगविलेले असतात, आणि डोळे, भुवया, मिशा ठळक रेषांनी काढलेल्या असतात. तेथे पातळ रंगाची नाजूक छाया कोणाच्याही दृष्टीस पडली नसती. कारण मुखवटा दुरून पाहावयाचा असतो, पारंपरिक बोहाडा मशालींच्या हलत्या उजेडात चालतो, आणि मुखवटाही सतत हलत असतो. बोटाएवढा मावळा मात्र बसून, वाकून, जवळून पाहावयाचा असतो. कोण, कोठून आणि कोणत्या उजेडात पाहणार, हे ठरल्यावरच रंग कसा द्यावा हे ठरते. मुखवटे रंगविणारा कारागीर आणि मावळे रंगविणारे मूल, दोघांनाही हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा लागतो.

काम करताना एक काळजी अवश्य घ्यावी. कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरण्याची सवय पुष्कळांना असते. ती घातक आहे. हरताळासारख्या काही जुन्या रंगांत सोमल असतो, काही पांढऱ्या रंगांत शिसे असे. दोन्ही विषारी आहेत. आजचा रंग निर्धोक असला, तरी सवय निर्धोक नसते. टोक आणण्यासाठी कुंचला पाण्यात बुडवून फडक्यावर फिरविला, तरी तेवढेच काम होते. रंग संपल्यावर हात धुवावेत आणि कुंचलाही धुऊन आडवा ठेवावा.

दिवाळीच्या संध्याकाळी किल्ल्याच्या पायथ्याशी पणती लावतात. तिचा उजेड खालून, बाजूने येतो आणि तटावरून वर सरकतो. अशा वेळी मुलांनी एक प्रयोग करून पाहावा. नुसत्या दाट रंगाचा एक मावळा आणि पातळ रंग व शाई दिलेला एक मावळा, असे दोन जवळजवळ उभे करावेत. दोघांची माती एकच, घडण एकच, पागोट्याचा लाल रंगही एकच. पण एक जण नुसता रंगविलेला दिसतो, आणि दुसरा तोफेवर हात ठेवून, भुवया आक्रसून, पायथ्याच्या छावणीकडे पाहत उभा असल्यासारखा वाटतो. त्याच्या कपाळावर पागोट्याची सावली आहे, मुठीत बोटे वेगवेगळी आहेत, अंगरख्याला चुण्या आहेत. त्याला हे सारे देण्यासाठी काही महाग सामान लागलेले नाही. चिमूटभर काव, थेंबभर शाई, पुष्कळसे पाणी, आणि रंग वाळेपर्यंत हात आवरून बसण्याचा धीर, एवढेच पुरले आहे. लाकडाच्या तोफांनी लढणाऱ्या किल्ल्यावरील शिपायाला ही रंगरीत शोभून दिसते.